हूं आणि हव

भावानं दारव्ह्याहून काळी-पिवळी जीपमधून पाठवलेली चुंगडी आज सकाळी घरी आली. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं, आणि सुतळी सोडायच्या आधीच वास बाहेर. ओल्या तुरीच्या शेंगांचा वास थोडा तुरट, थोडा चिकट असतो. बोटांना लागला की साबणानंही जात नाही. यवतमाळच्या बाजारात गेल्या आठवड्यापासून त्यांचे ढीग लागलेत. भाजीवाल्या बायका गिऱ्हाईक नसलं की स्वतःच सोलत बसतात आणि हिरव्या दाण्यांचे, म्हणजे सोल्यांचे, वाटे लावून ते चढ्या भावानं विकतात. सोललेले सोले विकत घेणाऱ्यांकडं आमची आई फार तुच्छतेनं पाहायची. ज्याच्या घरी सोलायला माणसं नाहीत त्यानं घ्यावेत बापडे, असं तिचं मत.

यंदा मी तेच घेणार होते. शेंगा पाठवू नको, असं भावाला फोनवर बजावूनही ठेवलं होतं. तो म्हणाला, "पाठवतो. बाबा असते तं पाठवल्याच असत्या." बाबांचं नाव घेतलं की माझ्याशी वाद घालावा लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तर शेंगा आल्यात, गच्चीवर कोवळं ऊन आहे आणि माझा हात काही सुतळीकडं जात नाही. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, म्हणून शेजारणी त्याला दुःख म्हणतात. दुःख माझ्या ओळखीचं आहे. बाबा नव्वदी ओलांडून गेले, झोपेत गेले, आदल्या संध्याकाळी सोल्याची आमटी मागून जेवले. अशा जाण्यावर जेवढं रडता येतं तेवढं मी रडून घेतलं. हे जे आहे तो हेवा आहे. तो बाबांच्या म्हातारपणापेक्षाही जुना आहे आणि बाबा गेले तरी गेलेला नाही.

बाबा दारव्ह्यात कपडे शिवायचे. वेळेवर कपडा देण्याबद्दल त्यांचं नाव नव्हतं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया ब्लाउज न्यायला यायच्या आणि ब्लाउज अजून कापडाच्याच रूपात असायचा. बाई तोंड उघडायच्या आत बाबा मशीन थांबवून विचारायचे, "तुमच्या गावाच्या वाटेवर तो एकटा पळस हाय ना, त्याचं काय झालं मालूम हाय का?" पळसाचं काहीएक झालेलं नसायचं. पण बाई पायरीवर टेकायची, पिशवी मांडीवर घ्यायची, आणि मग तो पळस रात्रीतून जागा कसा बदलतो, त्याच्या मागं सावली कशी धावत जाते, एकदा ती चुकून बाभळीखाली कशी झोपली, हे सगळं ऐकून उठायची. जाताना म्हणायची, "मंग उद्या येऊ ना भाऊ?" बाबा म्हणायचे, "उद्या या." भांडायला आलेली बाई हसत परत जाताना मी कितीदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी माझी हनुवटी ताठ झाली आहे. तो पळस मला आधी सांगायला हवा होता. मी घरची होते.

आईला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. कुणी म्हटलं, तुमची मजा आहे, घरातच गोष्टी, की ती म्हणायची, "मले तं यायनं लग्न झाल्यापासून एकच गोष्ट सांगतली. उद्या." आणि भाकरी थापायला लागायची. आता वाटतं, तीही माझ्याच जातीची होती. फक्त तिनं ते थट्टेवारी नेलं आणि मला ते जमलं नाही.

पण सोल्यांचे दिवस आले की बाबा आमचे व्हायचे. दुपारी दुकानाला फळ्या लावून घरी यायचे. अंगणात गोणपाट अंथरलेलं, त्यावर शेंगांचा ढीग, एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला टरफलांसाठी टोपलं. बाबा बाजेवर न बसता आमच्यातच मांडी घालून बसायचे. शिवणाऱ्या माणसाचा हात, शेंग नखानं उसवली की दाणे सरळ परातीत. आमची नखं दोन दिवसांत हिरवी-काळी व्हायची, शाळेत बाई हात दाखवायला सांगायच्या तेव्हा लाज वाटायची आणि थोडी ऐटही. अधूनमधून शेंगेतून गुबगुबीत अळी निघायची. भाऊ ती माझ्या फ्रॉकवर टाकायचा, मी किंचाळायची, आई आतून ओरडायची. मग बाबा घसा खाकरायचे.

बाबांच्या गोष्टीला एक नियम होता. ऐकणाऱ्यांपैकी एकानं हुंकार द्यायचा. एकानंच. गोष्ट एका वाक्यानं पुढं सरकली की त्यानं "हूं" म्हणायचं, ते आल्याशिवाय बाबा पुढचं वाक्य सोडायचे नाहीत. दोघातिघांनी एकदम हूं दिलं तर थांबायचे. "एका बंडीले किती जन हाकलता?" म्हणायचे, बंडी म्हणजे बैलगाडी. आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, हुंकाराशिवाय गोष्ट सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण हुंकार कुणी द्यायचा याला आमच्या घरात मान होता, आणि तो मान माझ्याकडं होता. भाऊ मोठा, पण त्याचं लक्ष अळीत. शेजारची पोरं यायची, ती नुसती ऐकायला. हुंकार बेबीचा. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे, पण दारव्ह्यात मी अजून बेबीच आहे, साठीला आले तरी.

फक्त मी तो चुकीचा द्यायची. मी हूं म्हणायचे नाही. मी "हव" म्हणायचे.

हव म्हणजे हो. वऱ्हाडात होकार तोंडातून असाच निघतो, पण तो हुंकार नव्हे. शिवाय माझा हव बाबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच यायचा. मला दम नसायचा. पुढं काय होणार ते मला आधीच पटलेलं असायचं. बाबा शेंग हातात धरून माझ्याकडं पाहायचे.

"हूं म्हन वं बेबी."

"काहून?"

"हूं म्हंजे मी जागी हाय, सांगा. हव म्हंजे पटलं, झालं तसंच. तू हव म्हनली का माह्या गोष्टीले खुंटी ठोकल्या जाते. मंग मले ते बदलता येत नाही."

"हव," मी म्हणायचे.

बाबा हसायचे आणि मान हलवून पुढं सांगायचे. हे दर सोल्यात व्हायचं. भावानं एकदा म्हटलं, बाबा, मी देतो बरोबर हूं. बाबा म्हणाले, "राहू दे. तिची बंडी तशीच चालते." ते वाक्य मी वर्षभर भावाला ऐकवत होते.

आणि गोष्ट माझी होती. बाकीच्या गोष्टी पायरीवरच्या बायांच्या, ही माझी.

"एक होती बेबी. ती गेली तुरीत."

"हव."

"तूर होती तिच्याहून उंच. वर पाहिलं तं पिवळी फुलं, खाली पाहिलं तं तिचेच पाय."

"हव."

"मागं वळून पाह्यते तं वाट नाही. कोनं खाल्ली? रोह्यानं खाल्ली."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं ती उभ्या पिकात शिरून चरते आणि शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडतात. बाबांचा रोही तुरीला तोंड लावायचा नाही, तूर त्याला बाधायची. तो वाटा खायचा. पायवाट कोवळी असते, गाडीवाट चिवट, डांबरी सडक तर त्याच्या दातात अडकायची. बेबी रोज दुपारी त्याला वाट परत मागायची आणि रोज तो काहीतरी सबब सांगायचा. एकदा त्यानं एक तुकडा परत दिला, तो उलटा जोडला गेला, आणि बेबी जिथून निघाली तिथंच पोचली. एकदा दिलेली वाट थेट शाळेत जाणारी निघाली, पण त्या दिवशी रविवार होता. मी हव हव म्हणत शेंगा सोलायचे, निम्म्या दाण्यांसकट टरफलात टाकायचे, आई नंतर टोपलं उपसून मला शिव्या द्यायची.

बेबी तुरीतून बाहेर कधीच आली नाही. तिकडं रोह्याशी बोलणी चालायची आणि इकडं शेतातल्या शेंगा वाळायच्या. सोल्यांचा हंगाम मोठा नसतो. एके दिवशी चुंगडी उघडावी तर शेंगा पिवळ्या, दाणा टणक. सोलणं संपलं. बाबा उठून धोतर झटकायचे. "पुढच्या सोल्याले," म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक होती बेबी, ती गेली तुरीत.

मग माझं लग्न झालं, आर्णीला सरकारी दवाखान्यात सिस्टरची नोकरी लागली, आणि डिसेंबर म्हणजे माझ्यासाठी लहान मुलांच्या खोकल्याचा महिना झाला. शेंगा यायच्या, मी रात्रपाळी करून आल्यावर एकटीच सोलायची. हात चालायचे. हव म्हणायला कुणी वाक्य टाकत नव्हतं.

यशू झाली तेव्हा तिला मी स्वतः दारव्ह्याला नेऊन ठेवलं. पाळ्यांची नोकरी, घरात बघायला कुणी नाही, दुसरा इलाज नव्हता. ती चालायला आणि बोलायला बाबांच्या अंगणातच शिकली. लोक म्हणायचे, किती नशीबवान लेकरू, असा आजा मिळाला. मी हो म्हणायचे. पोटच्या पोरीचा हेवा वाटतो असं बाईनं कुणाला सांगावं? आज सांगते आहे, कारण आता वय झालं आणि लाजही कमी झाली.

एका सोल्यात मी सुट्टी काढून दुपारच्या जीपनं दारव्ह्याला गेले. कुणाला कळवलं नव्हतं. फाटकाशी आले आणि आतून आवाज आला.

"एक होती यशू. ती गेली तुरीत."

"हूं."

मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. ती पाचेक वर्षांची असेल. गुडघे जवळ घेऊन बसलेली, एक-एक शेंग नीट सोलणारी, एकही दाणा टरफलात न टाकणारी. आणि हुंकार असा की ऐकत राहावं. वाक्य पुरं झालं, एक श्वास गेला, "हूं." ना लवकर ना उशिरा. बाबांना मिळायला हवा होता तसा हुंकार त्यांना अखेर मिळाला होता. तूर तीच, पिवळी फुलं तीच, खाली पाहिलं तर तिचेच पाय. फक्त नाव उसवून दुसरं टाचलं होतं. टेलरच ते. जुन्या कपड्यातून नवा शिवायला त्यांना किती वेळ लागणार?

मी आत गेले, यशूचा पापा घेतला, बाबांच्या पाया पडले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन सोले वाटायला घेतले. मिक्सर लावला. आई म्हणाली, "कायले घाई करून राह्यली? बस ना बाहेर." मी म्हटलं, वडे करते. मिक्सर बंद केला तेव्हा बाहेर बाबांचा आवाज चढला होता. "काढू का मंग तिले बाहेर?" आणि यशूचा शांत हूं. मी पुन्हा बटण दाबलं. दाण्यांचा पार गंध झाला तरी दाबून धरलं. थोड्या वेळानं यशू नाचत आत आली. "आई, मी आली तुरीतून बाहेर!"

एका दुपारीत! मला जे इतक्या सोल्यांत जमलं नाही ते तिला एका दुपारीत जमलं. कसं, ते मी ऐकलं नाही. नंतर विचारलंही नाही. बापाला काय विचारायचं, माझ्यातच असं काय कमी होतं की मला तिथंच ठेवलं?

मोठ्या झालेल्या मुलींना बाप गोष्टी सांगत नाहीत. हे मी कुठं वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. मी माहेरी गेले की बाबा मला नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगायचे. नालीचं काम कसं अर्धवट राहिलं, कोण वारलं, कुणाच्या सुनेला नोकरी लागली. मी बीपी मोजून द्यायची, ते विचारायचे, "किती निंघालं?" इतकंच. मग शेजारचं एखादं पोरगं उड्या मारत यायचं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा आवाज बदलायचा, खर्ज लागायचा, पळस चालायला लागायचा. मी पट्टा गुंडाळत बसायची. पन्नाशीच्या बाईनं नव्वदीकडं झुकलेल्या बापाला गोष्ट सांग म्हणावं का? म्हणावं, असं आता वाटतं. तेव्हा ओठ उघडले नाहीत.

मागच्या सोल्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जिना उतरायची बंदी. बाबांची दृष्टी जवळजवळ गेली होती, अंथरुणाला खिळले होते, आणि माझ्याऐवजी यशू नागपूरच्या ऑफिसातून सुट्टी काढून दारव्ह्याला जाऊन राहिली. रोज फोन करायची. आबाजी आज हे जेवले, आबाजी आज हे बोलले. मी पलंगावर पाय उंच ठेवून ऐकायची आणि मनात म्हणायची, शेवटचाही घास तिलाच.

मग ते गेले. मला गाडीत आडवं घालून नेलं, मातीला पोचले, एवढंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव घातला होता. भन्तेजींनी वंदना घेतली, मग आमच्यात असतं तसं एकेकानं उठून दोन शब्द बोलायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, माणूस चांगला होता, शिवण मजबूत होती, असं काही बोलतील. पहिला उठला तो काळी-पिवळी चालवणारा. मिशा पांढऱ्या झालेला माणूस. म्हणाला, "लहानपनी चड्डी शिवाले गेलतो तं काकाजीनं मले एक गोष्ट सांगतली. ती फक्त माही होती. एक होता शेरू, तो गेला तुरीत." मांडवात कुणीतरी मागून बोललं, "अरे, ती माही हाय." बांगड्या विकणारी मावशी उठली, ती तुरीत गेलेली. शाळेतला शिपाई, तोही गेलेला. दारव्ह्याची दोन पिढ्यांची लेकरं त्या एकाच तुरीत हिंडून आली होती. आणि सगळी बाहेर आली होती! कुणाला रोह्यानं शिंगावर बसवून सोडलं, कुणाला वाट ओकून दिली. मांडव हसत होता, रडत होता, खिरीचे द्रोण फिरत होते. मला बोलायला उभं केलं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. शेजारी बसलेली बाई माझा हात दाबून म्हणाली, "रडून घे वं माय." माझे दात एकमेकांवर आवळलेले होते, ते तिला दिसलं नाही.

आज यशू सकाळच्या गाडीनं आली आहे, परवाच्या वर्षश्राद्धासाठी, म्हणजे आमच्यात पहिल्या स्मृतिदिनाला विहारात जेवण असतं त्यासाठी. आल्या आल्या चुंगडी तिनंच उसवली. ऑफिसात ती कशी बोलते मला माहीत नाही, घरात पाय टाकला की दारव्ह्याची होते. "आई, वर चाल ना. उन्हात बसू." माझा गुडघा आता जिना चढतो. गच्चीवर जुनी चादर अंथरली, परात ठेवली. लोहारा भागातल्या कारखान्यांकडून कसलासा एकसुरी आवाज येत होता. आम्ही सोलायला लागलो. तिचे दाणे परातीत, माझे निम्मे टरफलात. इतक्या वर्षांत सुधारणा नाही.

तिनं टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "आबाजी शेवटी शेवटी माह्यावर चिडत होते, आई. तुले सांगतलं नाही मी."

"कायले चिडतील ते तुझ्यावर?"

"गोष्टीवरून. मी बाजेपाशी बसून शेंगा सोलत होती ना, तं ते सुरू करायचे. 'एक होती,' म्हनायचे अन् थांबायचे. नाव आठवत नव्हतं वाटते. मी म्हनलं, यशू, आबाजी. तं मान हलवायचे. नाही म्हनून."

मी हातातली शेंग सोलत राहिले.

"मंग तसंच, बिननावानंच सांगायचे. ती गेली तुरीत. मी हूं म्हनलं का गप्प. म्हनायचे, 'हूं नको. हव म्हन.' आता जिंदगीभर मले हूं शिकवला त्यायनंच. म्हनलं ठीक हाय, हव. तं म्हने, 'उशीर केला वं तू.' मी तं लगेच म्हनत होती, आई. वाक्य झालं का लगेच. रोज तेच. 'उशीर केला वं तू.' अन् भिंतीकडं तोंड करायचे. गोष्ट तिथंच राह्यची. एकदाही पुढं नाही गेली."

तिचे डोळे भरले होते. तिला वाटत होतं तिचं काहीतरी चुकलं. खालच्या गल्लीत कुणीतरी दूधवाल्याशी बोलत होतं. मी परातीतले दाणे हातानं उगाच सारखे केले. बाजेवर पडलेला, डोळे गेलेला म्हातारा माणूस, चांगला सरावाचा हुंकार ऐकतो आणि पुढं जात नाही. वाट बघतो. वाक्य पुरं व्हायच्या आधी येणाऱ्या त्या एका चुकीच्या शब्दाची.

"हव म्हंजे काय असंल वं त्यायच्या मनात?" यशूनं विचारलं.

सांगायला हवं होतं. ती माझी मुलगी आहे, तिनं त्यांचं सगळं केलं, तोंडात पाणी तिनं घातलं. एका वाक्यात तिचं ओझं उतरलं असतं. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मला दिसलं की हे दिलं तर माझ्याकडं काही उरत नाही. दोन पिढ्यांनी वाटून घेतलेल्या त्या बापातलं एवढंच एक माझ्या वाट्याला, तेही वर्षभर उशिरानं आलेलं.

"ऐकू कमी येत असेल," मी म्हणाले. "हूं बारीक असतो. हव मोठा ऐकू येतो. तुझं काही चुकलं नाही."

"खरंच?"

"मी सिस्टर होते ना. म्हाताऱ्यांचं होतं असं."

तिला ते पटलं. नाक पुसून ती हसली, पुन्हा शेंग हातात घेतली. तिचं ओझं उतरलंच की. खोट्यानं उतरलं म्हणून काय झालं?

"तुले सांगतली होती का त्यायनं ती गोष्ट? तुरीतली?"

"मला कुठली," मी म्हटलं. "मी गोष्टी ऐकायच्या वयाची असताना ते दुकानात असायचे."

"मंग ऐक ना. मी सांगतो तुले. त्यायच्यासारखी नाही जमनार, पन सांगतो."

ती मांडी घालून सावरून बसली. घसा खाकरला, थेट त्यांच्यासारखा. ते खाकरणंसुद्धा तिच्याकडं गेलं होतं.

"एक होती यशू. ती गेली तुरीत."

शेंग सोलता सोलता मी ऐकत होते. पिवळी फुलं आली, तिचेच पाय आले, वाट खाऊन ढेकर देणारा रोही आला. प्रत्येक वाक्याला मी वाक्य संपू देत होते, एक श्वास जाऊ देत होते. यशू बाहेर यायची वेळ झाली. मिक्सरच्या आवाजाखाली मी बुडवलेलं ते सगळं आता गच्चीवरच्या उन्हात माझ्यासमोर येत होतं, आणि ते छान होतं, मला आवडतही होतं. आत कुठंतरी, त्या यशूच्या पलीकडच्या ओळीत, दुसरी एक मुलगी अजून उभी होती. तिला कुणी बाहेर काढलेलं नव्हतं. आता काढणारंही कुणी नाही.

यशूनं सोललेली शेंग माझ्यापुढं धरली. डोळे बारीक केले.

"काय म्हनतं मंग आई? काढू का तिले बाहेर?"

हव माझ्या जिभेवर होता, अगदी टोकावर, तिचं वाक्य संपायच्या आधीच आलेला. मी तो गिळला.

"हूं," मी म्हणाले.